लायकी कोणी तपासायची?

मत देण्याचा हक्क माणसाला माणूस म्हणून मिळतो, की लायकी सिद्ध करून तो मिळवायचा असतो? प्रश्न राज्यशास्त्राच्या पेपरातला वाटतो, पण मुळात तो धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा आहे. सगळ्या माणसांचे मोल सारखे, हे विधान कोणत्याच मोजपट्टीने सिद्ध होत नाही. बुद्धीत, माहितीत, सचोटीत माणसे सारखी नसतात हे तर रोज दिसते. तरीही प्रत्येकाला एकच मत असे आपण म्हणतो, तेव्हा माणसाची परीक्षा घ्यायलाच आपण नकार देत असतो. हा नकार केवळ भाबडेपणा आहे का? मला तो भाबडेपणा वाटत नाही, आणि त्यामागचे कारण अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत फार स्पष्ट दिसते.

त्याआधी परीक्षेच्या बाजूने जे सर्वात चांगले बोलले गेले आहे ते ऐकायला हवे. जॉन स्टुअर्ट मिल हा काही जुलमाचा वकील नव्हता. आपल्याकडे आगरकरांची पिढी त्याच्या विचारांवर वाढली आणि स्त्रियांना मताधिकार हवा असे त्याने ब्रिटिश संसदेत उभे राहून सांगितले. त्याच मिलने १८६१ साली लिहिले की ज्याला लिहिता-वाचता आणि साधा हिशेब येत नाही त्याला मत देऊ नये, आणि शिकलेल्याला एकापेक्षा जास्त मते असायला हरकत नाही. मत म्हणजे दुसऱ्यांच्या आयुष्यावर चालणारी सत्ता. ती डोळे झाकून कोणाच्याही हाती कशी द्यायची, हा त्याचा मुद्दा आजही दिवाणखान्यातल्या गप्पांमध्ये निघतो, फक्त मिलचे नाव न घेता. मिलची एक अट मात्र या गप्पांत गळून जाते: आधी सर्वांना शिक्षण, मग सर्वांना मत. अट रास्त आहे. पण शिक्षण ज्यांनी द्यायचे तेच परीक्षक असतील आणि नापास होणाऱ्यांचे मत त्यांना नकोच असेल, तर ती अट पुरी कशी व्हायची?

साउथ कॅरोलायनात मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून आणि लिहून दाखवावा लागे, नाहीतर तीनशे डॉलर किमतीची मालमत्ता दाखवावी लागे. नियमात रंगाबद्दल चकार शब्द नव्हता. याच राज्यातल्या जॉन्स आयलंड बेटावर सेप्टिमा क्लार्क १९१६ साली शिक्षिका म्हणून गेल्या, तेव्हा काळ्या मुलांच्या शाळेत दोन शिक्षकांवर १३२ मुले होती. रस्त्यापलीकडे गोऱ्यांच्या शाळेत मुले होती तीन. पुढे उतारा वाचून दाखवायची पाळी येणार होती ती या १३२ मुलांवर. आणि १९५९ साली, म्हणजे पुरी चार दशके उलटल्यावर, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलायनातल्या एका खटल्यात एकमताने सांगितले की साक्षरतेची अट सर्वांना सारखी लावली तर ती घटनाबाह्य नाही. तर्कात चूक काढणे अवघड आहे. फक्त न्यायालयाने परीक्षा पाहिली, शाळा पाहिली नाही.

बेटावरच्या लोकांनी वाट पाहिली नव्हती. एसॉ जेन्किन्स हे तिथून चार्ल्सटनला कामगारांना नेणारी बस चालवत आणि त्या प्रवासातच प्रवाशांना घटनेतले उतारे शिकवत. सेप्टिमा क्लार्क यांची नोकरी १९५६ मध्ये गेली, कारण काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सभासदत्व सोडायला त्यांनी नकार दिला. जानेवारी १९५७ मध्ये या मंडळींनी प्रौढांची शाळा सुरू केली. पुढे किराणा दुकान आणि मागे वर्ग. गोऱ्यांच्या नजरेत भरू नये म्हणून ही व्यवस्था. शिकवायला पेशाने शिक्षक असलेले माणूस मुद्दामच घेतले नाही, कारण ते मोठ्या माणसांना कमी लेखील. निवडल्या त्या बर्निस रॉबिन्सन, केशभूषेचे आणि शिवणाचे काम करणाऱ्या बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी जमलेल्यांना विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? कोणाला स्वतःचे नाव लिहायचे होते, कोणाला बायबल वाचायचे होते, कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. बाईंनी भिंतीवर मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला आणि वर्ग संपेपर्यंत सर्वांना तो वाचता आला पाहिजे असे ठरवले.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. परीक्षा अन्यायाची, तर तिची तयारी करून घेणे म्हणजे तिला मान तुकवणेच नव्हे काय? उत्तर त्या भिंतीवरच्या कागदात आहे. उतारा पाठ करवून घेणे हा नोंदणीच्या खिडकीवरच्या कारकुनाशी केलेला व्यवहार होता. जाहीरनाम्याचे सांगणे वेगळे होते, की हा हक्क कारकुनाने दिलेला नाही. माणसे परीक्षा देत होती, पण परीक्षकाचा अधिकार मानत नव्हती. पुढे ही शाळा दक्षिणेत ठिकठिकाणी पसरली. १९६५ च्या मताधिकार कायद्याने ज्या राज्यांत साक्षरतेची अट हत्यार म्हणून वापरली जात होती तिथे ती थांबवली, तेव्हा अट खोटी आहे हे सांगायला तिच्यातून गेलेली हजारो माणसे हजर होती.

दुसरा आक्षेप धर्माबद्दलचा. देवापुढे सगळे सारखे हे वाक्य त्या दक्षिणेत प्रत्येक रविवारी दोन्ही रंगांच्या चर्चमध्ये ऐकू येत होते. १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिले ते आठ गोऱ्या धर्मोपदेशकांना उद्देशून होते. आपण तरी काय वेगळे केले? चोखोबांचे अभंग शतकानुशतके गायले गेले, आणि पंढरपूरचे मंदिर दलितांना उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. म्हणून श्रद्धेने समता आणली असे मी म्हणणार नाही. श्रद्धा एवढेच करते की माणसाचे मोल परीक्षेवर अवलंबून नाही असे म्हणायची हिंमत देते. ती हिंमत नोंदणीच्या खिडकीपर्यंत पोचली नाही तर भजनातच राहते, आणि बहुतेक वेळा तिथेच राहिली आहे.

मिलला खरे उत्तर बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी क्रमच उलटा मांडला: मताधिकार हाच शिक्षणाचा मार्ग आहे, आणि निरक्षर म्हणजे बुद्धिहीन नव्हे. ज्याचे मत मोजले जात नाही त्याच्या मुलाची शाळा कोण काढणार, हे जॉन्स आयलंडने वेगळ्या देशात दाखवून दिले. भूलथापांना बळी पडण्याचा धोका खरा आहे. पण साक्षर समाज त्यातून वाचला असे विसाव्या शतकातला युरोप पाहून म्हणता येत नाही. १९५१ च्या जनगणनेत आपली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, आणि त्याच सुमारास सुमारे १७ कोटी मतदारांची यादी घेऊन देश पहिल्या निवडणुकीला सामोरा गेला.

त्या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली. विचारायला आलेल्या माणसाला त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतंत्र नावाचा आग्रह धरला, आणि तो स्त्रियांना स्वतंत्र माणूस मानूनच धरला होता. तरी त्या आग्रहाची किंमत त्या स्त्रियांनीच मोजली. यादी शुद्ध हवी हे मान्यच. मृतांची आणि दुबार नावे काढलीच पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या कोणाचे मत खोटे ठरते. वाद आहे तो पुराव्याचे ओझे कोणावर, याचा. बिहारमध्ये २०२५ मध्ये मतदार यादीची विशेष फेरतपासणी झाली आणि १ ऑगस्टच्या मसुद्यात सुमारे ६५ लाख नावे नव्हती. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि वगळलेली नावे कारणासह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात दिला. आदेशात मोलाचा शब्द मला ‘कारणासह’ हा वाटतो. कारण लेखी समोर आले की गावातला एखादा कार्यकर्ता ती यादी घेऊन घरोघर जाऊ शकतो, मृत म्हणून नोंदलेल्या म्हातारीला दारात उभी पाहू शकतो आणि तिचा अर्ज भरून देऊ शकतो. कारणच सांगितले नाही, तर म्हातारीने जिवंत असल्याचे सिद्ध करायचे तरी कोणापुढे?