वाचनाचे दफ्तर

नाथमाधवांच्या ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ या कादंबरीने ज्याला बालपणी वेड लावले, तो वाचक ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’ असे एकेक पुस्तक ग्रंथालयातून क्रमाने मागून नेई, आणि मधला भाग दुसऱ्या सभासदाकडे असला, तर पुढच्याला हात न लावता तो परत येण्याची वाट पाही. त्या वयात सारे लक्ष ‘पुढे काय झाले’ याकडेच असे. प्रौढपणी तीच माला पुन्हा हाती घेतली, म्हणजे सिंहगडावरून पडून पायांचे बळ गमावलेल्या, १९२८ साली दिवंगत झालेल्या या लेखकाने केवळ कल्पनेच्या सामर्थ्याने किती गड आणि घाट पायांखाली घातले, हे ध्यानी येऊन मन आदराने भरून येते. मजकूर तोच असतो. पालटलेला असतो तो वाचक. म्हणून वाचलेल्या ग्रंथांची फेरिस्त ठेवावी, प्रत्येक नावापुढे तारीख आणि दोन ओळींचा अभिप्राय लिहावा, आणि वर्षअखेर ती चाळून एक तरी जुने पुस्तक पुन्हा वाचावे. आपल्या मनाची वाढ पारखण्यास याहून विश्वसनीय दफ्तर नाही.