दुसऱ्याचा हिशेब, आपला हिशेब

बँकेत हाताने लेजर लिहायचे दिवस होते. बॅलन्सिंगला बसलो की फरक हमखास निघायचा. माझ्या लेजरमधली चूक मला रात्रीपर्यंत सापडायची नाही. शेजारचा सहकारी यायचा आणि पाच मिनिटांत बोट ठेवायचा. ४५० चे ५४० झालेले असायचे! फरकाला ९ ने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल तपासावी, हे मलाही पाठ होते. इतरांच्या चुका मी तशाच काढून देत असे. स्वतःच्या पानावर मात्र डोळे ५४० बघायचे आणि मन ४५० वाचायचे.

संसारातही तेच. एका परिचितांचे धाकट्या भावाशी बिनसले होते. मी म्हणालो, "अहो, तुम्ही थोरले. तुम्हीच फोन करा." त्यांनी केला, मिटले. मी मोठ्या समाधानाने घरी सांगितले. सौ. म्हणाली, "आणि तुम्ही भाऊजींना फोन कधी करताय?" वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून आम्हा भावांत सहा वर्षे अबोला होता. मी पेपर उघडून बसलो.

दत्तभक्तहो, भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांतला आठवा कपोत. पिल्ले जाळ्यात अडकली, त्यांच्यामागे कपोती गेली. हे सगळे डोळ्यांसमोर घडत असूनही कपोताने त्याच जाळ्यात उडी घेतली. म्हणजे नुसते दिसून भागत नाही. ती कथा वाचताना आपल्याला वाटते, 'अरे, थांब ना!' आपल्याला ते सोपे, कारण पिल्ले त्याची होती. दुसऱ्याला सल्ला देताना आपले काही जात नाही. मान त्याची खाली जाते, नकार त्याला ऐकावा लागतो.

चोवीस गुरू सांगून झाल्यावर अवधूत स्वतःच्या देहालाही गुरू म्हणतो. हे मी कित्येकदा वाचले होते, पण माझ्यापुरता त्याचा अर्थ उशिरा लागला. भावाचा नंबर काढला की माझा घसा कोरडा पडायचा. मी स्वतःला सांगायचो, प्रश्न वाटणीचा आहे, तत्त्वाचा आहे. घसा सांगत होता, प्रश्न भीतीचा आहे. भाऊ फोन ठेवून देईल ही एक भीती आणि 'माझंही चुकलं' म्हणावे लागेल ही दुसरी. मी तत्त्व वाचत होतो, पानावर भीती लिहिलेली होती.

शेवटी एका गुरुवारी आरती झाल्यावर फोन लावला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग, "बोल दादा."

वाटणी अजून झालेली नाही. त्याचे म्हणणे त्याला पटते, माझे मला. पण यंदा मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजन्माच्या वेळी तो आमच्याकडे येणार आहे. फुले तोच आणतो म्हणालाय.

श्री गुरुदेव दत्त.