६१७४ : आश्चर्यापासून कारणापर्यंत

१९४९ हे साल घ्या. त्यातले अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९९४१, चढत्या क्रमाने १४९९; वजाबाकी ८४४२. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करत गेलो की ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या वेळी ६१७४. पुढे ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. चारही अंक सारखे नसतील, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे येते. मधले उत्तर तीन अंकी आले, तर आधी शून्य लावून चार अंक राखायचे.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी हा गुणधर्म त्याच साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९५५ मध्ये त्यावरचा त्यांचा लेख ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त आला. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती आणि अनेक गणितज्ञांना हे काम निव्वळ करमणूक वाटे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकरांचे नाव जगभर पोचले.

पण आकड्याची कीर्ती वाढणे वेगळे आणि त्याविषयीची समज वाढणे वेगळे. समज वाढते ती ‘असे का?’ या प्रश्नाने. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी नेहमी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) एवढी येते. म्हणजे चार अंकांपैकी दोन फरकच कामाला येतात आणि त्या फरकांच्या जोड्या फक्त ५४ आहेत. हजारो संख्या पहिल्याच पायरीला ५४ वाटांत गोळा होतात. मग त्या वाटा तपासणे एका दुपारचे काम. ६ आणि २ ही जोडी घेतली की ५९९४ + १८० = ६१७४, आणि ६१७४चे फरक पुन्हा ६ आणि २च.

त्यानंतरची पायरी मर्यादा शोधण्याची. तीन अंकांत ४९५ हा असाच स्थिरांक आहे. दोन अंकी संख्या मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ या फेऱ्यात फिरत राहतात आणि पाच अंकांना एकही स्थिरांक नाही. शिवाय हे सारे दशमान लेखनावर उभे आहे; पाया बदलला की ६१७४चे हे स्थान जाते. याउलट ६१७४ = २ × ३² × ७³ ही फोड कोणत्याही पायात टिकते. एक गुण लिहिण्याच्या रीतीचा, दुसरा संख्येचा. हा भेद मला स्थिरांकाइतकाच मोलाचा वाटतो.

म्हणून तेलंगणातल्या भीमपूरसारख्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावात मराठीत शिकणाऱ्या किंवा तेलुगूत शिकणाऱ्या मुलांना ६१७४ हे उत्तर आधी सांगू नये. वजाबाक्या करू द्याव्यात, नियम त्यांना दिसू द्यावा आणि मग विचारावे : हा कुठे मोडतो? कापरेकरांच्या कामाचा खरा आदर याच प्रश्नाने होतो.