विद्येचे ऋण आणि सुराची ओढ

गेल्या गणेशोत्सवात गोविंदपुऱ्याच्या मंडपात सायंकाळची आरती आटोपली, प्रसाद वाटून झाला, आणि आमचे एक वृद्ध स्नेही आम्हांस हाताला धरून बाजूला घेऊन गेले. म्हणाले, "आपण लिहिता-वाचता, म्हणून आपल्यालाच विचारतो. आमच्या धाकट्याने बंगळूरची नोकरी सोडायचे ठरविले आहे. रॉक वाजविणार म्हणतो! चार वर्षे इंजिनिअरिंग शिकला, ते कशासाठी? हे पाप नव्हे तर दुसरे काय?"

'पाप' हा शब्द त्यांनी रागाच्या भरात उच्चारला असे प्रथम आम्हांस वाटले. पण मागाहून विचार केला तेव्हा ध्यानात आले की, या गृहस्थांच्या तोंडी तो शब्द अगदीच अनाठायी नव्हता.

ज्या वाचकांनी भोपाळ पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९५६ साली सरकारने एका ब्रिटिश कंपनीच्या साहाय्याने येथे 'हेवी इलेक्ट्रिकल्स'चा कारखाना उभारावयास घेतला. १९७४ मध्ये तो 'भेल'मध्ये विलीन झाला. गोविंदपुरा, बरखेडा, पिपलानी या वसाहती त्या कारखान्याच्या आधाराने वाढल्या. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली, त्यांत आपली मराठी-कोंकणी कुटुंबेही आली. धरणांवरची जलचक्रे, प्रचंड ट्रान्सफॉर्मर, आगगाडीच्या इंजिनांची विद्युत्-चलित्रे येथे तयार झाली. आमच्या स्नेह्यांचे सारे आयुष्य ट्रान्सफॉर्मरच्या विभागात गेले. अशा माणसाला इंजिनिअरिंग हा पोट भरण्याचा एक मार्ग वाटत नाही. ते त्याला एक व्रत वाटते. त्याच्या मुलाने ते सोडणे म्हणजे देवळाची पूजा-अर्चा सांभाळणाऱ्या घरातील मुलाने किल्ल्या खाली ठेवण्यासारखे आहे.

आमचे बोलणे मंडपातील इतरांच्या कानी गेलेच. अशी बोलणी मंडपात कधी खाजगी राहत नाहीत. लगेच दोघे-तिघे एकदम म्हणाले, "अहो, शंकर महादेवन् बघा!"

उदाहरण खोटे नाही. १९६७ साली चेंबूरला एका तमिळ घरात जन्मलेला हा मुलगा. लहानपणी हाती वीणा आली, कर्नाटक संगीताचे पाठ झाले आणि पुढे श्रीनिवास खळे यांच्यासारख्या मराठी गुरूचा लाभ झाला. आणि तरीही तो रीतसर इंजिनिअर झाला. नेरूळच्या रामराव आदिक तंत्रसंस्थेतून त्याने १९८८ साली संगणकशास्त्राची पदवी घेतली, काही काळ संगणकाच्या कंपनीत नोकरी केली, आणि मग ती सोडली. १९९८ साली 'ब्रेथलेस' या ध्वनिमुद्रिकेने त्याचे नाव घरोघर पोहोचले. एहसान नूरानी आणि लॉय मेंडोन्सा यांच्या जोडीने त्याने चित्रपटांना संगीत दिले. २००८ सालचा 'रॉक ऑन' हा चित्रपट तर रॉकवाल्यांचीच कथा होती. याच त्रयीने २०१५ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' या मराठी चित्रपटाला संगीत दिले आणि त्यातील पंडितजींची भूमिकाही शंकरनेच केली, हे वाचकांना आठवत असेल. २०१९ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. २०२४ साली 'शक्ती' या वाद्यवृंदाबरोबर ग्रॅमीचा मानही त्याच्या वाट्यास आला.

मंडपातील मंडळींना वाटले, वाद मिटला. आम्हांस मात्र तो येथूनच सुरू झाला असे वाटले.

कारण असे की, 'शंकर महादेवन् बघा' असे म्हणताना आपण प्रत्यक्षात काय म्हणतो? तो यशस्वी झाला, म्हणून त्याने नोकरी सोडली ते योग्य झाले, एवढेच ना? मग ज्या दिवशी त्याने राजीनामा दिला त्या दिवशी ते कृत्य योग्य होते की अयोग्य? त्याच सुमारास त्याच्यासारखेच आणखी कित्येक तरुण नोकऱ्या सोडून गावयास निघाले असतील. त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांनी पाप केले, आणि याने तेवढे पुण्य केले? कृत्य एकच, मग त्याचा निवाडा बाजाराने करावयाचा काय?

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली 'नैतिक दैव' या विषयावर एक निबंध सादर केला. त्यात नेमका हाच पेच आहे. चित्रकार गोगँ बायकामुलांना मागे टाकून दूरच्या बेटावर चित्रे काढावयास गेला, त्या घटनेवर बेतलेली एक कल्पित कथा घेऊन विल्यम्स विचारतो की, अशा माणसाच्या कृत्याचे समर्थन कशाने होईल? आणि त्याचे उत्तर असे की, समर्थन झालेच तर केवळ यशाने होईल, आणि ते यश निघण्याच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. ज्यांना त्याने मागे टाकले त्यांनी ते समर्थन मान्य करावे असेही नाही. हे वाचून आम्ही बराच काळ अस्वस्थ होतो. गीतेच्या छायेत वाढलेल्या मनाला हे पटणे कठीण. अधिकार कर्मापुरता, फळावर नाही, असे आपण आरतीनंतर शंभर वेळा ऐकले. आणि पोराच्या नोकरीची गोष्ट निघताच सगळे फळाकडेच बोट दाखवितो! परदेशी तत्त्वज्ञ निदान मोकळेपणाने कबूल तरी करतो.

'स्वधर्म' शब्दाने येथे सुटका होईल असे काहींना वाटते. पण आमच्या स्नेह्यांचे आजोबा कुळागर राखीत होते, वडील कारकुनी करीत होते. इंजिनिअरिंग त्यांच्या घरात आले ते १९५६ नंतर. एका पिढीत आलेला धर्म दुसऱ्या पिढीने बदलला तर धर्म बुडाला असे म्हणवत नाही. आणि गणित व सूर यांचे वैर आहे असेही कोणी समजू नये. गोव्याच्या देवळांतून लयीचे राज्य करणारे खाप्रुमाम पर्वतकर हाता-पायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरीत; त्या माणसाच्या डोक्यात जे गणित चाले ते ऐकून भल्याभल्यांची मती गुंग होई.

तेव्हा कसोटी हवी ती अशी, की जी निघण्याच्या दिवशीच लावता येईल. फळाची वाट पाहावी लागणार नाही. आश्चर्य असे की, ती आम्हांस सापडली ती अमेरिकेतील एका रॉकवाल्याच्या चरित्रात. (ते संगीत आम्हांस फारसे रुचत नाही, हे आधीच कबूल करतो.)

टॉम शोल्झ हा १९४७ साली जन्मलेला गृहस्थ. एम.आय.टी. या नामांकित संस्थेतून त्याने यंत्रशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि पोलरॉइड या छायाचित्रणाच्या कंपनीत तो इंजिनिअर म्हणून लागला. दिवसा कंपनीचे काम. रात्री घराच्या तळघरात स्वतःच्या पगारातून उभारलेल्या ध्वनिमुद्रणशाळेत गिटारचे काम. बहुतेक वाद्ये स्वतः वाजवून, एकावर एक थर चढवून तो गाणी बांधी. कंपन्यांनी त्याची गाणी परत पाठविली. असे वर्षानुवर्षे चालले. नोकरी त्याने सोडली नाही. अखेर १९७६ च्या ऑगस्टमध्ये 'बॉस्टन' ही त्याच्या वाद्यवृंदाची पहिली तबकडी निघाली. तिचा बराचसा भाग त्या तळघरातच मुद्रित झालेला होता. एकट्या अमेरिकेत तिच्या १ कोटी ७० लाखांवर प्रती खपल्या. विल्यम्सचा निबंध आणि ही तबकडी एकाच वर्षीची, हा योगायोग आम्हांस गमतीचा वाटतो.

पण खपाच्या आकड्यासाठी आम्ही ही कथा सांगत नाही. तसे केले तर आम्हीही मंडपातल्या मंडळींसारखेच होऊ. आम्हांस महत्त्वाची वाटतात ती तबकडी निघण्यापूर्वीची वर्षे. शोल्झने आपल्या हट्टाचा भार दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर टाकला नाही. जे साहस होते ते त्याच्या पगाराचे आणि झोपेचे होते. शिवाय विद्या वाया गेली म्हणावे, तर तीच विद्या तो रोज रात्री वापरीत होता. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीने चालविला तरच त्याचा नाद भरून येतो, पण तेवढा आवाज कानांना व शेजाऱ्यांना सोसत नाही. तेव्हा शोल्झने असे साधन केले की, ज्यातील रोधक जादा शक्ती उष्णतेच्या रूपाने शोषून घेतात. नाद राहतो, गोंगाट कमी होतो. पुढे १९८२ मध्ये 'रॉकमन' नावाची, कानाला लावून गिटार ऐकण्याची चिमुकली पेटी त्याने बाजारात आणली. दुसरी तबकडी १९७८ मध्ये निघाली. ती घाईने काढावी लागली याची त्याला खंत होती. तिसरीला त्याने तब्बल आठ वर्षे घेतली. कंपनीने न्यायालयात खेचले तरी पुरे झाल्याशिवाय काम हातावेगळे करीन असे तो म्हणाला नाही. हे रॉकवाल्याचे वर्तन की चाचणी झाल्याशिवाय यंत्र कारखान्याबाहेर जाऊ न देणाऱ्या इंजिनिअरचे? आम्हांस तरी त्यात फरक करता आला नाही.

अशीच गोष्ट शिवोलीच्या रेमो फर्नांडिसची. हा इंजिनिअर नव्हे, वास्तुविशारद. मुंबईच्या सर ज. जी. महाविद्यालयात शिकलेला. १९८४ साली त्याने 'गोअन क्रेझी' घरच्या घरी मुद्रित केली, वाद्ये स्वतः वाजविली, आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतः पोहोचविल्या. आपले ओझे आपण वाहण्याचा हाही एक प्रकार.

आता एक गोष्ट उरते, आणि ती मात्र कोणत्याही युक्तिवादाने पुसली जात नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयातील जागा मोजक्या असतात. आमच्या स्नेह्यांच्या मुलाला जी जागा मिळाली ती मिळाली नाही असा कोणीतरी मुलगा कोठेतरी आहे. त्याला कदाचित इंजिनिअरच व्हावयाचे होते. त्या अनोळखी मुलाचे देणे गिटार कितीही चांगली वाजविली तरी फिटत नाही. शंकर महादेवन् याने पुढे संगणकाच्या साहाय्याने दूरदेशीच्या मुलांना गाणे शिकविण्याची संस्था काढली. त्यात जुन्या विद्येचे काही व्याज फिटले असेल. पण व्याज म्हणजे मुद्दल नव्हे. सोडून जाणाऱ्याने हे ऋण मनात बाळगूनच जावे. ते नाहीच असे म्हणून जाऊ नये, इतके आम्ही म्हणू. आणि राहणाऱ्यांचे काय? केवळ धाक म्हणून खुर्चीवर बसून राहिलेला, कामात मन नसलेला इंजिनिअर तीच जागा अडवून बसलेला नसतो काय? त्याला मात्र कोणी पापी म्हणत नाही.

दिवाळीला मुलगा घरी आला. आम्ही स्नेह्यांना म्हणालो, "आपण ट्रान्सफॉर्मर कारखान्याबाहेर पाठविण्यापूर्वी काय करीत होता?" ते म्हणाले, "रोज येईल त्याहून कितीतरी जास्त दाब देऊन पाहत होतो, कित्येकदा दुप्पट. आकाशातली वीज पडावी तसा झटकाही देतो. टिकला तर पाठवायचा." आम्ही म्हणालो, "मग मुलालाही तेच विचारा."

त्यांनी विचारले, आम्ही तेथेच होतो. किती शिल्लक टाकली आहेस? मुलगा म्हणाला, दोन वर्षे पुरेल इतकी. हातचे काम अर्धे टाकून येणार काय? नाही, मार्चपर्यंत पुरे करून देणार. सोबत्यांना तसे सांगून झाले आहे. आईच्या औषधांचे पैसे? ते वेगळे ठेवले आहेत. शिवाय संध्याकाळी गणिताच्या शिकवण्या धरल्या आहेत. आणि नाहीच जमले तर? यावर तो थोडा थांबला, आणि म्हणाला, "नाही जमले तर नाही जमले, बाबा. पण ते माझ्याच्याने जमले नाही हे मला कळेल."

आमच्या स्नेह्यांचे समाधान झाले असे मुळीच नाही. ते उठले आणि मुलाच्या खोलीत गेले. तेथे गिटार व तिचा ॲम्प्लिफायर ठेवलेला होता. त्यांनी चष्मा सारखा केला, वाकून भिंतीतील दोन भोकांचे जुने सॉकेट पाहिले आणि कपाळाला आठी घालून विचारले, "ह्याला अर्थिंग कुठे आहे?"

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही गेलो तेव्हा ते स्टुलावर चढून नवी वायर ओढीत होते, आणि मुलगा खाली पक्कड धरून उभा होता.