जोखीम कुणाच्या अंगावर?

मराठी माणूस धंद्यात का कचरतो, याचं उत्तर आपण धाडसाच्या अभावात शोधतो आणि ‘घाबरू नकोस, उडी मार’ असा सल्ला तरुणांना देऊन मोकळे होतो. मला हा सल्ला अपुरा वाटतो. कचरणारा माणूस बहुतेक वेळा भित्रा नसतो. बुडालो तर भरून कोण देणार, हा त्याचा प्रश्न असतो आणि तो रास्त असतो. त्याचं उत्तर दिल्याशिवाय धीर देण्यात अर्थ नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट या नजरेने पाहावी. मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि भावाबरोबर सायकलींच्या दुकानात उतरले. पुढे त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

शेतकऱ्याला अडाणी ठरवून ही गोष्ट संपवता येते. पण जरा त्याच्या बांधावर उभं राहून पाहा. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून द्यायचा. रोकड लागायची नाही. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे, जड अवजार ओढायला जास्त बैल जुंपायचे, फाळ झिजला तर दुसरा कुठून आणायचा ते ठाऊक नाही, आणि एवढं करून अंदाज चुकला तर हंगाम हातचा गेला. नांगर विकला गेला नाही तर कारखानदाराचा माल पडून राहायचा. नांगर फसला तर शेतकऱ्याच्या कणगीत दाणे येणार नव्हते. काळ्या रानात खोल रुजलेली हराळी आणि कुंदा उपसायला लोखंडी नांगरच हवा, हे खरंच. पण ते सांगून पटत नाही, शेजारच्या रानात डोळ्यांनी दिसावं लागतं. विकणाऱ्याइतकंच, किंबहुना जास्त, धाडस पहिल्या गिऱ्हाइकाला करावं लागलं.

बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या अधिपतींनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर ओसाड जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी आकाराला येऊ लागली. निवडुंग माजलेल्या माळावर कारखाना काढणाऱ्याचं आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्या माळावर पैसे लावणाराही धाडसीच होता. त्याने जोखमीचा एक वाटा उचलला, म्हणून दुसऱ्याला उरलेला पेलता आला.

दुसरं उदाहरण गिरगावातलं. 15 मार्च 1959 रोजी सात गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. त्या दिवशी 4 पाकिटं तयार झाली. त्यातूनच ‘लिज्जत’ उभं राहिलं. मला त्यातली कामाची घडी सगळ्यात मोलाची वाटते. केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी पापड लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी ते परत आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. घर सोडायला नको, भांडवल घालायला नको, बाजारात उभं राहायला नको. नफा-तोटा सगळ्या सभासद बहिणींचा. एकटीने पापडाचा धंदा काढ म्हटलं असतं तर ज्या बायका पुढे आल्या नसत्या, त्या हजारोंनी आल्या. त्यांच्या अंगात एका रात्रीत धाडस संचारलं नव्हतं. तोट्याची भीती इतक्या जणींत वाटली गेली की एकीच्या वाट्याला ती फारशी उरलीच नाही.

म्हणून धंदा काढू पाहणाऱ्याला मी दोन गोष्टी सांगेन. किती रक्कम बुडाली तरी घर चालेल, तो आकडा आधी कागदावर मांडा आणि तेवढ्याच पैशांत सुरुवात करा. आकडा समोर असला की भीतीला हद्द पडते. दुसरं, गिऱ्हाइकाची भीती ओळखून ती आपल्या अंगावर घ्या. नमुना वापरून बघायला द्या, बिघाड झाला तर येऊन दुरुस्त करा, माल पसंत पडला नाही तर परत घ्या. त्यात पैसे जातील, पण संधी अशीच तयार होते. समोरच्याचा संकोच आपण सोडवला की आपलाही सुटतो.

बाकीचं काम आपल्यासारख्या धंदा न करणाऱ्यांचं आहे. भाचीने खानावळ काढली, शेजारच्या मुलाने फर्निचरची कामं घेतली की आपण ‘घरचाच आहेस’ म्हणून भाव पाडतो आणि बिल महिनोन्महिने थकवतो. मग मराठी पोरं टिकत नाहीत, असं म्हणायलाही आपणच मोकळे! आपण पहिलं गिऱ्हाईक व्हावं, पुरता भाव द्यावा आणि पैसे त्याच दिवशी चुकते करावेत. नव्या माणसाच्या जोखमीतला एवढा वाटा आपल्यापैकी कुणालाही उचलता येईल.