पायांना हात लावण्याची रीत

दोन वारकरी भेटले की दोघेही वाकून एकमेकांच्या पायांना हात लावतात. वय, जात, हुद्दा यांची चौकशी आधी होत नाही. प्रत्येक देहात विठ्ठल आहे ही श्रद्धा इथे शरीराच्या सवयीत उतरलेली आहे. अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणून हाक मारणे हेही त्याच श्रद्धेतून आले. ज्ञानेश्वरांसाठीचे संबोधन वाटेवरच्या कोणालाही मिळते, ही गोष्ट लहान नाही.

तरीही चौदाव्या शतकातले संत चोखामेळा यांना, ते महार म्हणून, पंढरपूरच्या विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता. वाळवंटात समता आणि गाभाऱ्यात सोवळे, ही विभागणी पुढे शतकानुशतके टिकली. ती टिकवणारे सगळे दुष्ट होते असे म्हणणे सोपे, पण अपुरे आहे. समता त्यांनाही मान्य असेल. शुचिता मात्र तिच्या वरची होती. मूल्ये कोणती, यापेक्षा त्यांचा क्रम काय, यावर माणसाची वागणूक ठरते, आणि तो क्रम कळतो दोन मूल्यांची टक्कर झाल्यावरच.

साने गुरुजींनी ही टक्कर उघड केली. १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभले आणि मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाल्यावर ते सोडले. त्याच वर्षी मंदिराचे दार दलितांसाठी उघडले. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे.