मामा, फाटक!

सायकल चालवल्याने माणूस सज्जन होतो की नाही, मला ठाऊक नाही. पण दर थोड्या वेळाने सायकलवरून उतरून, फाटक उघडून, सायकल आत घेऊन, मागे वळून पुन्हा फाटक लावावे लागले, तर माणूस निदान विचार करू लागतो, एवढे मी अनुभवाने सांगतो. हा अनुभव डोंबिवलीतला नव्हे. आमच्याकडे फाटक म्हणजे रेल्वेचे, आणि ते उघडण्याचा अधिकार माझ्याकडे कधीच नव्हता.

माझा भाचा बार्सिलोनात नोकरीला आहे. "मामा, एकदा ये तर खरा," असे तो तीन वर्षे म्हणत होता. माझी रजा शिल्लक होती. (कारकुनाच्या आयुष्यात शिल्लक पडणारी ती एकच वस्तू.) मला वाटले, बाकावर बसू, कॉफी पिऊ, इमारती बघू. भाच्याने मला तिसऱ्या दिवशी बोटीत घातले आणि मेनोर्का नावाच्या बेटावर नेऊन सायकलवर बसवले.

हे भूमध्य समुद्रातले बेट आहे स्पेनच्या मालकीचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम पन्नास किलोमीटर, आणि सर्वांत उंच डोंगर फक्त ३५८ मीटर. हा आकडा ऐकून मी हो म्हटले, आणि तिथेच फसलो. ते बेट चढ एकरकमी घेत नाही, हप्त्याहप्त्याने वसूल करते. किनाऱ्याला उतरायचे, की लगेच पुढच्या कड्यावर चढायचे, पुन्हा उतरायचे. व्याज गुडघ्यांत साठते.

या बेटाला वळसा घालणारी १८५ किलोमीटरची एक जुनी वाट आहे. 'कामी दे कवाल्स', म्हणजे घोड्यांची वाट. चाचे येत, तुर्की गलबते येत, म्हणून घोडेस्वार तिच्यावरून किनाऱ्याची राखण करीत. राखण दर वेळी पुरी पडे असे नाही. १५५८ साली तुर्कांनी स्युतादेया हे गावच लुटले आणि हजारो माणसे गुलाम म्हणून धरून नेली. आता तिच्यावर माणूस, सायकल आणि घोडा एवढ्यांनाच परवानगी. मोटार नाही, स्कूटर नाही. कुठे खडी, कुठे लाल माती, कुठे नुसते खडक. उत्तरेला काळी पाटीच्या दगडाची जमीन, तिच्यावर वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेली झुडपे. अशा ठिकाणी मी सायकलवर बसलो नव्हतो, सायकल माझ्यावर बसली होती.

पहिला तासभर मला फार चुकल्याचुकल्यासारखे वाटले. नंतर कळले, मागून कोणी हॉर्न वाजवत नव्हते. पंचवीस वर्षे मी रस्त्यावर जो काही नीट वागलो, तो मागच्याच्या भीतीने. सिग्नलला थांबतो, तो शेजारी हवालदार असतो म्हणून. नसला तर पुढचा काय करतो ते बघतो. इथे पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. फक्त फाटके.

ती फाटके मोठी देखणी. रानटी ऑलिव्हच्या वाकड्यातिकड्या लाकडांची, लाकूड जसे वाकेल तशी. वाट शेतांमधून जाते, शेतांना बिनचुन्याच्या दगडी भिंती, आणि भिंत आली की फाटक. पलीकडे गाई. तिथले चीज प्रसिद्ध आहे, तेव्हा गाईंना मान आहे. ही वाट खरी कोणाची, यावरून तिथे मोठा तंटा झाला. जमीनमालकांनी जागोजाग साखळ्या घातल्या, लोक म्हणाले वाट सगळ्यांची. शेवटी २००० साली कायदा झाला आणि २०१० मध्ये अख्खी वाट खुली झाली. म्हणजे जमीन त्यांची, वाट आमची, आणि मधे एक कडी. त्या कडीवर सगळे चालले आहे.

"मामा, फाटक!" भाचा ओरडायचा. तो पुढे आणि मी मागे, म्हणून लावण्याचे काम माझे.

आता प्रश्न असा, की का लावायचे? बघणारे कोणी नाही. बी.कॉम.ला तत्त्वज्ञान नसते, पण प्लेटोच्या एका ग्रंथातली गायजीसच्या अंगठीची गोष्ट मी कुठेतरी वाचली आहे. एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो नाही नाही ते करतो. प्रश्न असा, की ती अंगठी सज्जनाच्या बोटात घातली तर? मी मात्र त्या अंगठीच्या परीक्षेत सहज पास होत होतो. एकेक कडी नीट अडकवत होतो, हलवून बघत होतो. दुपारपर्यंत स्वतःविषयी माझे मत फारच चांगले झाले.

मग एक फाटक उघडे आढळले. त्यावर पाटी होती, फाटक बंद करा. मी बंद केले. पाटीप्रमाणे वागलो, पुढे निघालो. दीड-दोन किलोमीटर गेल्यावर डोळ्यांपुढे आले, की फाटकाच्या अलीकडे एक तांबडी गाय होती, आणि वासरू पलीकडे होते.

"कुणीतरी मुद्दाम उघडं ठेवलं असेल रे," मी भाच्याला म्हणालो.

"मामा, पाटी काय म्हणते? तू बरोबर केलंस. चल."

तू बरोबर केलंस. हे वाक्य मी आधी ऐकले होते, २०१६ च्या नोव्हेंबरात.

नोटा बदलायची रांग बँकेच्या पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत गेली होती. एका आजींनी बटव्यातून पाचशेच्या आठ नोटा काढून दिल्या. मी नवी नोट त्यांच्यापुढे सरकवली. त्या म्हणाल्या, "एकच?" मी मान वर न करता म्हणालो, "आजी, दोन हजारांची आहे ती. मोठी आहे." त्यांनी नोट उलटसुलट पाहिली, पदराला पुसली आणि गेल्या. रात्री नऊला रोकड मोजली, तर दोन हजार जादा.

माझ्या लक्षात आले होते. साहेबांनाही सांगितले. साहेब म्हणाले, "खात्री आहे?" मी म्हणालो, "जवळजवळ." ते म्हणाले, "जवळजवळवर पैसे देता येत नाहीत. जादा रोकड संकीर्ण खात्यात टाका, कोणी मागायला आलं तर देऊ. तुम्ही बरोबर केलंत." नियम तोच होता आणि आजही मला तो चुकीचा वाटत नाही. मी व्हाउचर लिहिले, त्यांनी सही केली, पुस्तके जुळली. बँकेत अदृश्य व्हायला अंगठी लागत नाही. आजींच्या ओळखपत्राची झेरॉक्स फॉर्मला टाचलेली होती. तीवर पत्ता होता. बँकेपासून चालत दहा मिनिटांची गल्ली. मी गेलो नाही. उद्या रांग आहे, परवा रांग आहे, असे करता करता रांगा संपल्या. आजी कधी आल्या नाहीत. पुढे २०२३ साली रिझर्व्ह बँकेने त्या गुलाबी नोटाच मागे घेतल्या.

मी सायकल वळवली. भाचा म्हणाला, "मामा, वेडा झालास का? हा चढ परत चढावा लागेल." तो म्हणाला ते खरेच होते. तो तिथेच चीजचा पाव खात बसला.

फाटकापाशी पोचलो, तर ते उघडे होते, आणि पुन्हा मिटू नये म्हणून खाली एक मोठा धोंडा लावलेला. शेजारी टायरच्या तळव्याच्या चपला घातलेला एक म्हातारा उभा. वासरू गाईला लुचत होते. म्हातारा माझ्याकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलला. शिव्या होत्या की आभार, की नुसते हवापाण्याविषयी, मला काही कळले नाही. भाषांतर करणारा तिकडे पाव खात होता. मी हात जोडले. म्हाताऱ्याने हात हलवला आणि तो गाईमागे गेला.

धापा टाकत परत आलो.

"काय झालं?" भाच्याने विचारले.

"त्यानेच आधी उघडलं होतं."

"बघ. म्हणजे तू गेला नसतास तरी चाललं असतं."

"हो," मी म्हणालो. "चाललं असतं."

त्याने उरलेला पाव माझ्या हातात दिला. मी तो खाईपर्यंत तो पुढे निघालासुद्धा. वळणापलीकडून त्याची हाक आली, "मामा, फाटक!"